हनुवटीखालचे टाके

“आक्का, आता हेच उलटं सांगा.”

“उलटं म्हणजे?”

“शेवटाकडून. आधी दवाखाना. मग त्याच्या आधी काय झालं, मग त्याच्याही आधी काय झालं. असं मागं मागं जायचं.”

आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना शीर्षासन करायला सांगितलं होतं. त्या कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. डाव्या हाताचं हाड मोडलेलं, तो हात गळ्यात बांधलेला, कपाळावरची सूज उतरून तिथं हिरवट डाग राहिलेला.

“वैजू, तुझ्या कॉलेजातली पोरं ऐकत असतील तुझं. मला कशाला नाचवतेस? सांगितलं ना एकदा. गाडी बाजूला आली, मेल्यानं वळून माझ्याकडं बघितलं, गंठणाला हात घातला, मी पडले. झालं! त्याचं तोंड माझ्या डोळ्यांपुढं आहे, हे असं.” आणि त्यांनी चांगल्या हाताचा तळवा स्वतःच्या नाकासमोर धरला.

या माझ्या थोरल्या नणंदबाई. अख्ख्या गावाच्या बायकांची ब्लाउजं त्या शिवायच्या आणि कुणाचंही माप कधी लिहून ठेवायच्या नाहीत. बाई दारात आली की तिच्याकडं एकदा बघायचं आणि कात्री चालवायची. “कागदावर लिहायला मी काय तलाठी आहे?” असं वर म्हणायच्या. आपली आठवण चुकते हे आयुष्यात त्यांनी एकदाही कबूल केलं नव्हतं. माझ्या लग्नात कोणी काय नेसलं होतं यावरून त्यांनी मला, म्हणजे खुद्द नवरीला, खोटं पाडलं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून त्या स्कूटीवर परत येत होत्या. दिवस मावळायची वेळ, बायपासचा रस्ता. आमच्याकडच्या बायकांसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, मानेमागं गाठ, नुसते डोळे उघडे. गंठण लांब, ते स्कार्फाखालून बाहेर आलेलं. कुणीतरी मोटरसायकलवरून आलं आणि स्कार्फाच्या टोकासकट गंठण ओढलं. आक्का खडीवर आपटल्या. एका टेम्पोवाल्यानं त्यांना दवाखान्यात आणलं. तो म्हणाला, “एका माणसानं हात करून थांबवलं, बाईंना उचलून आत ठेवलं, आणि मी नाव विचारायच्या आत पारध्यांच्या वस्तीकडं पळत सुटला.”

बस, एवढंच पुरे झालं. पोलिसांनी वस्तीवरून लखन काळेला उचललं. चोरी झाली की आधी पारध्याच्या झोपडीत शिरायचं, ही रीत आमच्याकडं जुनीच आहे. गंठण काही त्याच्याकडं सापडलं नाही, मोटरसायकल तर त्याच्या बापजन्मात नव्हती. पण आमच्या या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ओळख परेड होती. आक्कांनी रांगेतून त्याच्या खांद्यावर हात ठेवला की तो गेला. त्याला जामीन कोण देणार? त्याची बायको तान्हं पोर घेऊन ठाण्यासमोरच्या चिंचेखाली बसलेली मी येता-जाता बघत होते.

आणि माझ्या भाच्यानं, धनंजयनं, मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कामाला. “मामी, तुम्ही मानसशास्त्र शिकवता. आईकडून सगळं एकदा घोटून घ्या. उद्या कोर्टात वकील फिरवाफिरवी करतील, तेव्हा ती अडखळायला नको.”

घोटून घ्यायला मी बसलेच होते. पण आक्कांनी पहिल्यांदा सरळ सांगितलं, तेव्हाच मला कुठंतरी टोचलं. मी सहज विचारलं होतं, “त्याचा शर्ट कसला होता?”

“शर्ट नाही बघितला.”

“गाडी?”

“गाडी काळी असेल. असतात ना काळ्या.”

ब्लाउजाच्या पाठीवरचा पाव इंच झोल रस्त्याच्या पलीकडून दिसणारी ही बाई. तिला माणसाचं तोंड दिसलं आणि शर्ट दिसला नाही?

“आक्का, तुम्ही त्याचा फोटो बघितलाय का?”

“धनूनं दाखवला की मोबाइलवर. ठाण्यातल्या कुणीतरी पाठवलेला. बघितल्याबरोबर मी म्हटलं, हाच मुडदा!”

ओळख परेडच्या आधी साक्षीदाराला फोटो दाखवायचा नसतो, हे शेंबड्या पोराला कळतं. पण आमच्या धनूला वाटलं, आपण आईला मदतच करतोय.

दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी हे शिकवत आले होते. परदेशात एका मानसशास्त्रज्ञ बाईनं विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा वेग किती होता? चुराडा ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानं पुन्हा विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच फुटलेलीच नव्हती. तरी चुराडावाल्यांतल्या बऱ्याच जणांना ती दिसली होती! पोरं हसायची, मीही हसायची. आणि इथं माझ्या घरात एका माणसाचा चुराडा व्हायला आला होता.

तिथंच मी हेही शिकवायची की साक्षीदाराला प्रसंग उलट्या क्रमानं सांगायला लावला, तर कधीकधी निसटलेलं हाती लागतं. सरळ सांगताना माणूस गोष्ट सांगतो. गोष्टीला चोर लागतो, चोराला तोंड लागतं, मग मन कुठून तरी तोंड आणून चिकटवतं. उलटं जाताना ती गोष्ट मोडते. हा उपाय रामबाण नाही. विचारणाऱ्यानं स्वतःचं काही घुसडलं, तर उलट घोटाळाच. म्हणून मी मनाशी ठरवलं की बाई, तू फक्त ‘त्याच्या आधी’ एवढंच म्हणायचं. वर एक शब्द नाही.

“म्हणजे मी खोटं बोलते असं तुझं म्हणणं आहे का?” आक्कांनी विचारलं.

“नाही हो. पण आठवण म्हणजे पेटीत घडी घालून ठेवलेली साडी नसते. दर वेळी ती नव्यानं शिवावी लागते. शिवताना एखादा तुकडा दुसऱ्याच कापडाचा लागतो.”

“माझ्या हातून?” आक्का ताठ झाल्या. “माझ्या हातून दुसरं कापड लागत नसतं.”

“मग दाखवा की सांगून.”

हे मात्र त्यांना लागलं. त्यांनी डोळे मिटले.

“दवाखाना. नर्स बांगड्या कापत होती. हिरव्या होत्या, संक्रांतीला भरलेल्या.”

“त्याच्या आधी?”

“टेम्पो. पत्रा. वर गंजलेला पत्रा आणि कांद्याचा वास. डोक्याखाली काहीतरी मऊ होतं... माझाच स्कार्फ. घडी करून ठेवलेला.”

“त्याच्या आधी?”

“आभाळ. तांबडं झालेलं. आणि ते तोंड. तोच. पण...”

मी जीभ दातांखाली धरून बसले.

“उलटं आहे,” आक्का हळू म्हणाल्या. “कपाळ खाली, हनुवटी वर. माझ्या डोक्याकडनं वाकलाय. हनुवटीखाली शिवलेलं आहे त्याला. टाके वाकडे पडलेत. मी तेव्हा मनात म्हटलं बघ, मरताना सुद्धा म्हटलं, काय ही शिलाई, कुणी शिवलं ह्याला!”

“त्याच्या आधी?”

“माझ्या गळ्याशी हात.” त्यांचा चांगला हात गळ्याकडं गेला. “त्याचा हात, गळ्याशी. बघ, सांगितलं नव्हतं मी तुला?”

“त्याच्या आधी?”

“गुदमरले होते गं. काळोख. स्कार्फ आवळलेला, गाठ रुतलेली, श्वास येईना.” त्या जोरजोरात श्वास घ्यायला लागल्या. मला वाटलं थांबवावं, पण थांबवलं नाही. “त्याच्या आधी खडी. त्याच्या आधी हिसका. त्याच्या आधी मागून फटफट आवाज. बाजूनं एक हात आला. नुसता हात.”

“त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी रस्ता. मोकळा. मी तिळाचे लाडू...” आक्कांनी डोळे उघडले. खोलीभर बघितलं, काहीतरी ठेवलेलं सापडत नसावं तसं. “वैजू, गाडीवर तोंड कुठं आहे गं?”

मी पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यांनी दूर सारला.

“सरळ सांगते तेव्हा असतं की तिथं! वळून बघतो की मेला!” त्यांनी पुन्हा डोळे घट्ट मिटले. “हे बघ, आहे. आता आहे. गाडीवर बसलाय.” मग आवाज एकदम उतरला. “पण श्वास कधी आला मला? त्याचा हात गळ्याशी आला, त्याच्यानंतर आला. गाठ सुटली तेव्हा आला. चोर कशाला गाठ सोडेल?”

“आई!” धनंजय दारात उभा होता. कधीपासून कोण जाणे. “मामी, हे काय चाललंय? तुम्हाला घोटून घ्यायला सांगितलं, तुम्ही पुसायला बसलात?”

“धनू, मी एक शब्द माझा बोलले नाही. आईला विचार.”

“वाकून गंठण काढलं असेल त्यानं! हात गळ्याशी आला तो त्यासाठीच. साधी गोष्ट आहे. आणि तुम्ही कुणाच्या बाजूच्या आहात? आमच्या की त्या पारध्याच्या?”

“गंठण हिसक्यातच गेलं होतं,” आक्का भिंतीकडं बघत म्हणाल्या. “तुटलेलं मला कळलं होतं. मानेवर कापलं होतं.”

“आई, तुझ्या डोक्याला मार लागलाय. परवा तू छातीठोक सांगत होतीस, हाच म्हणून. आता उलटलीस तर साहेब काय म्हणतील? लोक काय म्हणतील? गावात तोंड दाखवायची सोय राहील का?” तो माझ्याकडं वळला. “हे सगळं तुमचं पुस्तकी ज्ञान. तिच्या गळ्यावर वळ आहे, तो बघा आधी!”

वळ मी बघितला होता. गळ्याभोवती निळाजांभळा, बोटभर रुंद. मलाही तो चोर हवा होता, त्याला फोडून काढावंसं वाटत होतं. पण हवा होता तो चोर. दुसरं कुणी नको होतं.

“आक्का,” मी म्हटलं, “धनू म्हणतो तसंही असू शकेल. मी तिथं नव्हते. पण मोबाइलवरचा फोटो समोरून काढलाय. त्यात हनुवटीखालचं दिसत नाही. मी काय म्हणते ते—”

“दोघंही निघा,” आक्का म्हणाल्या. “मला पडू द्या. उद्याचं उद्या बघू.”

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. आपण काही शोधून काढलं की नकळत पेरलं, हाच किडा डोक्यात वळवळत होता. उत्तर एकाच ठिकाणी होतं, त्या माणसाच्या हनुवटीखाली. तिथं काही नसलं, तर मी माझ्या नणंदेला उगाच वेड्यात काढलं होतं. आणि असलं तरी आक्का ते बघतील का? परेडमध्ये समोर बघायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि निघायचं, एवढंच काम. त्यांचा मुलगा, पोलीस, गाव, त्यांची स्वतःची चाळीस वर्षांची मिजास, सगळं त्यांना तो हात ठेवायला सांगत होतं.

परेड सबजेलच्या आतल्या चौकात होती. ती नायब तहसीलदारांनी घ्यायची असते, पोलिसांना आत येऊ देत नाहीत. नायब तहसीलदार होत्या गवसाने मॅडम, कडक बाई. लखनच्याच वयाची, त्याच्याच अंगलटीची माणसं कुठून कुठून आणून त्यांनी त्याच्यासोबत उभी केली होती. आक्कांना मधूनच भोवळ यायची, म्हणून मॅडमनी मला दारापर्यंत येऊ दिलं. पण म्हणाल्या, “तुम्ही भिंतीकडं तोंड करून उभ्या राहा. वळलात तर बाहेर काढीन.”

म्हणून मी काही बघितलं नाही. चुन्याची भिंत बघत नुसतं ऐकत राहिले.

“बाई, नीट बघा. घाई नाही. त्या दिवशीचा माणूस यांत असेल किंवा नसेल. ओळखला तर खांद्यावर हात ठेवा.”

आक्कांच्या चपला वाजल्या. रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. एका जागी थांबल्या. मग चपला पुढं गेल्या आणि परत त्याच जागी आल्या.

“ठेवा हात,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, मला खाली बसू द्या.”

“चक्कर येतेय का?”

“नाही. मी त्याला खालनं बघितलंय. मला खालनं बघायचंय. त्यांना माझ्या डोक्याकडनं वाकायला सांगा.”

साक्षीला बसवलेल्या पंचांपैकी कुणीतरी खाकरलं. मॅडम म्हणाल्या, “एकालाच सांगता येणार नाही. सगळेजण एकेक करून येतील. चालेल?”

“चालेल की.”

मोडलेल्या हाडानिशी फरशीवर बसताना त्या कण्हल्या, ते मला ऐकू आलं. धावत जावंसं वाटलं. मी नखं भिंतीत रोवून उभी राहिले.

पावलं आली. थांबली.

“नव्हं,” आक्का म्हणाल्या.

दुसरी पावलं.

“नव्हं. ह्याला दाढीचे खुंट आहेत. नव्हं.”

पुन्हा पावलं. “नव्हं.” पुन्हा पावलं. कुणाला तरी हसू फुटलं आणि मॅडम त्याच्यावर खेकसल्या. पुन्हा “नव्हं.” टाके नाहीतच की काय? मग अनवाणी पावलं आली. फरशीवर त्यांचा आवाज जवळजवळ नव्हताच. थांबली.

आक्का काही बोलल्या नाहीत.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. ही माझी स्वतःची आठवण आहे, आणि मी तिच्यावर पैज लावणार नाही. मला तो वेळ फार मोठा आठवतो.

“वाकडे टाके,” आक्का म्हणाल्या. “कुणी शिवलं रे तुला?”

“सरकारी दवाखान्यात, मावशी,” एक घोगरा आवाज म्हणाला. “ल्हानपणी पडलो होतो.”

“बोलायचं नाही!” मॅडम ओरडल्या. “बाई, हाच का तो? खांद्यावर हात ठेवा.”

“हात वरपर्यंत पोचत नाही. त्यालाच खाली बसवा.” कपड्यांची सळसळ झाली. “हा घ्या, ठेवला हात. हा तिथं होता. ह्यानं माझी गाठ सोडली. ह्यानं मला टेम्पोत घातलं, डोक्याखाली स्कार्फ ठेवला.”

“आणि गंठण?”

“त्याच्या आधीच गेलं होतं.”

“मग चोर कोण होता?”

“ठाऊक नाही,” आक्का म्हणाल्या. “मागनं आला. मी तोंड बघितलंच नाही.”

‘ठाऊक नाही’ हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मॅडमनी बाहेर काढलं तर काढू दे म्हणून मी वळले. आक्का फरशीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्यापुढं एक काटकुळा पोरगेला माणूस उकिडवा बसून हमसून हमसून रडत होता. “मी भिऊन पळालो वो, मावशी. बाईच्या गळ्यात रगत, गंठण न्हाई, आन् मी पारधी. कोण इस्वास ठेवणार हुतं? म्हणून बोललो न्हाई.”

मॅडमनी त्याचंही बोलणं लिहून घ्यायला लावलं, टेम्पोवाल्याला पुन्हा बोलावलं. काही दिवसांनी लखन सुटला. खरा चोर कधीच सापडला नाही. धनंजय माझ्याशी वर्षभर बोलला नाही. हळूहळू बोलायला लागला, तेही आक्कांनी झापल्यावर.

पण मला सांगायचं आहे ते परेडनंतरचं. सुटल्यावर लखन बायकोला घेऊन आक्कांच्या दारात आला. हातात मधाची बाटली. मी ओसरीवर बसून भाजी निवडत होते. “आक्का, बघा कोण आलंय!” मी आनंदानं हाक मारली. मला वाटलं, आता गळाभेटच होणार.

आक्का उंबऱ्यात आल्या, त्याला बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हात गळ्यावर गेला. भिंतीला धरून त्या मागं सरकल्या. लखनला कळलं. ज्याला बघून लोक आयुष्यभर असेच मागं सरकत आले, त्याला कळायला वेळ लागत नाही. त्यानं बाटली पायरीवर ठेवली, बायकोला खूण केली आणि तो वळला.

“थांब,” आक्का म्हणाल्या.

तो थांबला.

“तू काही केलं नाहीस. मी सगळ्यांपुढं सांगितलंय, परत सांगेन. पण रोज डोळे मिटले की तूच गाडीवरनं येतोस. गंठण ओढतोस.” त्या माझ्याकडं वळल्या. आवाज रडवेला झाला होता, आणि रागही होता त्यात. “वैजू, माझं मलाच ठाऊक आहे की हे खोटं आहे. मग का दिसतंय गं? तुझ्या त्या मानसशास्त्रात ह्याला काही औषध आहे की नाही?”

मी नाही म्हणून मान हलवली. दुसरं काय करणार? आठवण चुकीची आहे हे कळलं म्हणून ती पुसली जात नाही, एवढंच मला माहीत होतं. तेच त्यांच्या तोंडावर टाकायचा मला धीर झाला नाही.

आक्कांनी पदरानं तोंड पुसलं.

“लखन, दर बाजाराला गावात येतोस ना?”

“येतो की, मावशी.”

“मग इथं येत जा. चहा घेत जा. मी भिईन, पण तू जाऊ नको. समोर बसायचं. बघू, कोण थकतंय आधी.”

तो पायरीवर बसला. बायको त्याच्या मागं बसली, पोराला मांडीवर घेऊन. आक्काही उंबऱ्यात बसल्या. गळ्यावरचा हात त्यांना काढता येत नव्हता, तो तसाच ठेवून त्या त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. आणि मी चहा टाकायला आत गेले.